भवानीच्या आधी

आत्माराम दळीच्या दुकानात भवानी झाल्याशिवाय गोदाने पुढच्या दारात यायचं नाही, असा नियम होता. तो कुणी बोलून दाखवला नव्हता. बोलून दाखवलेल्या नियमाशी निदान भांडता तरी येतं. हा नुसत्या खाकरण्यातून आलेला. नवरा गेल्यावर गोदा जयगडाहून भावाकडे पालीला आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, लहानपणच्या सवयीने, केरसुणी घेऊन दुकान झाडायला निघाली. आत्माराम फळ्या काढत होता. त्याने वळून बघितलं नाही, शब्द काढला नाही, फक्त घसा खाकरला. गोदा तशीच मागे फिरली आणि मागीलदार झाडायला लागली.

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तिच्यावर सगळा दिवस जातो असं व्यापारी माणूस धरून चालतो, आणि आत्माराम तर जरा जास्तच. पहिल्या गिऱ्हाइकाचं नाणं तो डोळ्यांना लावी, तराजूच्या पारड्याला टेकवी आणि मग गल्ल्यात टाकी. फणसाच्या लाकडाच्या त्या गल्ल्यात नाणं पडलं की ठक्क वाजे, ते माजघरात ऐकू येई. मग गोदाने पदर सावरून पुढे यावं, सुपारी निवडावी, तांदळातले खडे काढावेत आणि मधूनमधून रस्ता बघावा. यातलं शेवटचं काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्यांत मन लावून ती तेच करी.

पूर्वी हा नियम जाचत नसे. कोल्हापूरकडून गूळ घेऊन उतरणाऱ्या गाड्या पालीच्या विहिरीजवळ वडाखाली मुक्काम करत. गाडीवाले अंधारातच उठायचे. बैल जुंपायच्या आधी कुणाला विड्या हव्यात, कुणाला काडेपेटी, कुणाला सुंभाची दोरी. उजाडायच्या आत भवानी झालेली असे, आणि गोदाला ठक्क ऐकण्यासाठी कान द्यावा लागत नसे. पण गेल्या दोन-तीन सुग्यांत गूळ लॉरीतून जायला लागला आणि यंदा दिवाळीनंतर वडाखाली चुलीचे दगड तेवढे राहिले. भवानी आधी न्याहारीपर्यंत लांबली, मग जेवणापर्यंत. मार्गशीर्षात असे दिवस आले की दुपार कलली तरी गोदा माजघरातच होती, चुलीच्या धुराकडे बघत.

मोटार मात्र थांबायची. रत्नागिरी आणि कोल्हापूर अशी तिची ये-जा, आणि पालीच्या विहिरीचं पाणी तिला इंजिनाच्या बंबात घालायला लागे. दुकानाच्या बरोबर समोर ती उभी राही, तांबड्या धुळीने माखलेली. आतली माणसंही डोक्यापासून तांबडी. ती खाली उतरत नसत, कारण ड्रायव्हर कधी भोंगा वाजवील याचा नेम नसे. बसल्या जागेवरून ती इकडेतिकडे बघत. पाणी भरून झालं की मोटार निघून जाई आणि तिची धूळ आत्मारामच्या तराजूवर बसे. तो ती फडक्याने पुसून काढी.

एके दिवशी जेवताना आत्माराम म्हणाला, "शिमगा झाला की बाळाबरोबर मुंबैला जातंय मी. साच्यावर बदलीत लावतो म्हणालाय."

बाळा म्हणजे त्याच्या बायकोचा, सगुणेचा, लांज्याचा भाऊ; मुंबईच्या गिरणीत मागावर होता.

"आणि दुकान?" सगुणेने विचारलं. ती वाढत होती, हात थांबला नाही.

"फळ्या लावायच्या. तू पोरांना घेऊन लांज्याला जा."

"आणि वन्सं?"

आत्मारामने भात कालवला. पुन्हा कालवला. "गोदेला जयगडला पोचवतंय. त्यांचं माणूस हाय, ते काय नाय म्हणायचे नाहीत."

गोदा चुलीपाशी बसली होती. तिने लाकूड आत सारलं. जयगडला दिराचं घर खाडीच्या तोंडावर होतं. अंगणात उभं राहिलं की गलबतांची शिडं दिसत, पण अंगणात उभं राहणं तिच्या वाट्याचं नव्हतं. नवरा गेल्यावर तिथे काढलेल्या दिवसांत, सणाला, पाहुणे यायचे असले की, दिराकडे कुणी मोठा व्यापारी यायचा असला की, तिने गोठ्यात बसायचं. गोठ्यातून समोर चिऱ्यांची भिंत दिसायची. त्या भिंतीतल्या कुठल्या चिऱ्याला कुठे भोक आहे हे तिला अजून पाठ होतं. ते मारहाण करत नसत, उपाशी ठेवत नसत. तिथे तिला पुन्हा जायचं नव्हतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. भावाच्या घरी तरी भवानीनंतर रस्ता होता.

त्यानंतर दोन दिवसांनी ती विहिरीवर गेली असताना मोटार आली. एरवी ती पहाटे जाऊन येई, त्या दिवशी पाणी संपलं म्हणून मागल्या वाटेने भर दुपारी गेली. कळशी काठावर ठेवून मोटारीच्या आडोशाला उभी राहिली. आतले दोघं बोलत होते.

"ह्ये घर म्हनायचं का दुकान?"

"काय की. बसलाय गडी एकटाच."

गोदाने मान वर करून बघितलं. लहानपण त्या दुकानात गेलं, पण रस्त्याच्या पलीकडून, मोटारीतल्या माणसाच्या नजरेने तिने ते कधी बघितलं नव्हतं. पडवीचं छप्पर खाली उतरलेलं, त्याखाली काळोख, आणि काळोखाच्या तोंडाशी आत्मारामचे दोन गुडघे. गूळ आत, सुपारी त्याच्या मागे, आमसुलं डब्यात, आंबापोळ्या कपाटात, कंदिलाच्या काचा वर माळ्यावर गवतात. सगळं होतं, आणि दिसत होते गुडघे. तिला हसू आलं, आणि मग भावाची कीव आली.

भवानी झाल्यावर ती पुढे आली आणि म्हणाली, "दादा, माल बाहेर लावला पायजे."

"बाहेर? धूळ खायला?"

"लोकांना दिसायला."

"माल काय देवळातली मूर्ती हाय दाखवायला? ज्याला पायजे तो मागतो."

"गाडीवाले तुला ओळखत होते, ते मागत होते. मोटारीतलं माणूस काय मागंल? आत काय हाय ता त्याला ठावकं नाय."

आत्मारामने तराजू पुसला. "दृष्ट लागते मालाला."

"दृष्ट लागायला कुणी बघायला तरी हवं," दारातून सगुणा म्हणाली. तिची जीभ तिखट, पण तिखट योग्य जागी घालायची कला तिला होती. "वन्सं काय म्हणतात ता ऐका तरी."

गोदाने सांगितलं. सांगताना ती मातीकडे बघत होती. गणपतीच्या डोक्यावर मंडपी टांगतात ना, लाकडाची चौकट, तिला फळं, पानं, सुपारीचे घोस बांधतात; तशी बांबूची एक करायची, पण आडवी न टांगता उभी. दुकानाच्या तोंडावर. तिला माल बांधायचा. रस्त्यावरून भिंतीसारखी दिसेल.

लहानपणी या घरातली मंडपी गोदा बांधायची. बापाने तिला ती गाठ शिकवली होती, वाऱ्याने सुटू नये आणि खालचं टोक ओढलं की चट्कन सुटावी अशी. हरणाच्या रानफुलांचे तुरे कुठे, कवंडळाची तांबडी फळं कुठे, नारळ मधे कसा, हे तिच्या हातात होतं. पालीतली माणसं गणपती बघायला येत ती निम्मी आत्मारामच्या घरची मंडपी बघायला. विधवा होऊन आल्यापासून मंडपी आत्माराम बांधत होता. दरसाल ती एका अंगाला कलंडे, आणि गोदा माजघराच्या दारातून ते कलंडणं बघे.

"देवाची नाय घ्यायची," आत्माराम म्हणाला.

"देवाची नको. नवीन करतंय."

तो उठला आणि मागल्या बेटातून बांबू तोडून आणला.

गोदाने कोयत्याने बांबू चिरला, कामट्या काढल्या, त्यांची कूस तासली. दोन बोटं कापली, त्यांवर हळद दाबून ती पुन्हा बसली. सुंभ पाण्यात भिजवून मऊ केला आणि कामट्यांचे चौक बांधत गेली. सगुणा दुपारची भांडी आवरून माल पुसून द्यायला बसली. कंदिलाच्या काचा राखेने घासून काढल्या तेव्हा त्या इतक्या स्वच्छ निघाल्या की सगुणाच म्हणाली, "एवढ्या चांगल्या काचा आणि आपल्या कंदिलाला ती फुटकी."

मंडपी उभी राहिली तेव्हा आत्माराम रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि वडाखालून बघू लागला. मधोमध शेंडीचा मोठा नारळ. त्याच्या चार अंगांना सोललेल्या सुपारीचे घोस. आमसुलं दोऱ्यात ओवून केलेल्या काळ्या-तांबड्या माळा. कोपऱ्यांत कंदिलाच्या काचा, त्यांच्या मधे खराटे उलटे बांधून पंख्यासारखे पसरलेले, लाकडी फण्या, हातातले आरसे, विड्यांचे कट्टे, गुळाच्या लहान ढेपा केळीच्या सोपात बांधून. वरती, हाताला सवय म्हणून, आंब्याच्या पानांचे टाळ. सगळं दोन्हीकडून सारखं, एक काडी इकडची तिकडे नाही. तो बराच वेळ उभा राहिला. मग परत आला.

"बाबा असते तर..." एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

गोदाला आणखी एक गोष्ट कळली होती, ती तिने कुणाला सांगितली नाही. मंडपीच्या मागे बसलं की रस्त्यावरून माणूस दिसत नाही, पण चौकांच्या फटीतून माणसाला रस्ता दिसतो. म्हणजे तिथे भवानीच्या आधीही बसता येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांदळाचं सूप घेऊन तिथे बसली. आत्मारामने बघितलं. खाकरला नाही.

मंडपीचं नाव चार वाड्यांत झालं. बायका पोरांना कडेवर घेऊन बघायला आल्या. म्हाताऱ्या माणसांनी वहाणा रस्त्यावर काढल्या. मोटार आली तेव्हा आतली सगळी माणसं एका बाजूला झुकली. आत्माराम मांडी मोडून ताठ बसला. मोटारीतल्या एका फेटेवाल्याने डोळे मिटून हात जोडले, खिशात हात घातला आणि एक पैसा मंडपीवर टाकला. तो नारळाला लागून दुकानात घरंगळला. भोंगा वाजला आणि मोटार गेली.

आत्माराम त्या पैशाकडे बघत राहिला. ती भवानी धरावी तर त्याच्या बदल्यात काही दिलेलं नव्हतं. देणगी धरावी तर दुकान देऊळ नव्हतं. शेवटी त्याने तो उचलून कोनाड्यात ठेवला आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसला.

आणि विक्री? विक्री होती तीही आटली. वरच्या वाडीची जनी नेहमी गूळ न्यायची. ती आली, मंडपीसमोर उभी राहिली, कपाळाला हात लावला.

"ही ढेप काढून देऊ?" आत्मारामने विचारलं.

"नको रे बाबा. ऱ्हांदे ती. किती बरी दिसते. मोडू नको."

"मग आतला देतो."

"आता ऱ्हांदे. परवा येतंय." आणि ती गेली. संध्याकाळी ती बाजारातून दुकानावरून परत गेली तेव्हा तिच्या पदराला दुसरीकडच्या गुळाचा डाग होता. आत्मारामने तो बघितला, आणि जनीने तो झाकला, हे त्याला जास्त लागलं.

असे काही दिवस गेले. पौष लागला. दादू गुरव, देवळातला, संध्याकाळी दिव्याचं तेल न्यायला येई. तोंडाळ माणूस, पण मनात काही ठेवणारा नव्हे. एके दिवशी दुकानात चार माणसं टेकली होती. दादूने मंडपी वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"आत्माराम, एक विचारू? विसर्जन कितव्या दिवशी ठेवलंस?"

माणसं हसली. आत्मारामही हसला, पण त्याचे कान तांबडे झाले. तेल मापताना थोडं सांडलं. गिऱ्हाईक गेल्यावर तो गोदाला म्हणाला, "उद्या काढून टाक ता. हसं झालं पुरे."

गोदा मंडपीच्या मागे बसून होती. दादूचं बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. विसर्जन. गणपती नदीवर पोचवून माणसं परत येत, आणि तोवर ज्या मंडपीकडे बोट दाखवलं तरी हातावर फटका बसे, तिच्यावर सगळी पोरं तुटून पडत. पण एकदम नाही. आधी सगळी नुसती खाली उभी राहत, माना वर करून. मग बाप हात घालून एक काकडी तोडी आणि कुणाच्या तरी हातात देई. एक जागा रिकामी झाली की मग झुंबड. भरलेल्या मंडपीला हात लावायचा नसतो, हे इथल्या माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. तिने बांधलेली इतकी भरलेली होती की ती मोडायचं पाप कुणी घेईना. चूक कुठे झाली ते तिला कळलं, आणि आपल्याच हातांचा तिला थोडा राग आला.

दुसऱ्या दिवशी गोदाने मंडपी अजून उतरवली नव्हती, आणि भवानीही होईना. आत्माराम भवानीशिवाय जेवत नसे, पण त्या दिवशी उन्हं कलली तेव्हा सगुणेने पान वाढून हाक मारली. "उठा आता. भवानीची वाट बघून पोट भरत नाय." तो आत गेला. आणि मोटार आली, घाटावरून रत्नागिरीकडे जाणारी.

गोदा मागेच बसली होती. मोटारीतली माणसं नेहमीप्रमाणे झुकली. एकीने हात जोडले. गोदाने मंडपीच्या मागून हात वर केला आणि मधल्या नारळाच्या गाठीचं टोक ओढलं. बापाची गाठ चट्कन सुटली. नारळ तिच्या हातात आला, आणि मंडपीच्या मधोमध एक भोक पडलं. त्या भोकातून तिला एक बाई दिसली, मोटारीच्या कडेला बसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बाईलाही गोदा दिसली.

"इकायचा हाय व्हय त्यो नारळ?" बाई म्हणाली. "मला वाटलं देवाचा. द्या हिकडं. पोरीच्या वटीला पायजे, रत्नागिरीत कुटं हुडकत बसू."

ओटीचा नारळ. गोदाने तो मागे घेतला. "थांबा, भावाला बोलावते."

"मोटार थांबल व्हय? द्या तुम्हीच."

"बाई, मी..." गोदा भोकाच्या आणखी जवळ आली, कपाळ दिसेल अशी. "ओटीचा म्हणता. माझ्या हातचा नको."

बाईने तिच्या कपाळाकडे बघितलं. ड्रायव्हरने बंबाचं झाकण लावलं. बाई कनवटीचं नाणं काढत हळू बोलली, पण दुकानाच्या आतपर्यंत ऐकू गेलं.

"पोरीची पहिली दोन गेली, बाई. दोन्ही येळंला सवाशिणीच्या हातचाच नारळ हुता. द्या तुम्ही."

गोदा मंडपीला वळसा घालून पुढे आली, उन्हात, रस्त्याच्या कडेला. नारळ तिने मोटारीच्या कठड्यावरून बाईच्या ओटीत ठेवला. देताना दोन्ही हातांनी दिला. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडला, "त्या कंदिलाची काच काढा की एक!" आणि दुसरा, "सुपारी हाय व्हय? त्यो घोस द्या." गोदा गाठी ओढत गेली. भोंगा वाजेपर्यंत मंडपीला तीन भोकं पडली होती.

ती वळली तेव्हा दारात आत्माराम उभा होता. हाताला भात लागलेला. तो कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. गोदाच्या मुठीत नाणी होती आणि आजची भवानी त्यातच होती. तिने मूठ पुढे केली.

आत्मारामने उजवा हात बघितला. खरकटा. डाव्या हाताने भवानी घेत नाहीत.

"टाक गल्ल्यात," तो म्हणाला.

"मी?"

"मग कोण? माझा हात खरकटा हाय."

गोदाने बाईचं नाणं वेगळं काढलं. डोळ्यांना लावलं. पारड्याला टेकवलं, तेव्हा तराजू जरासा हलला. मग गल्ल्यात टाकलं. ठक्क वाजलं. नवरा गेल्यापासून भवानीचं ठक्क तिने इतक्या जवळून ऐकलं नव्हतं. आत्माराम आत जाऊन उरलेला भात जेवला, आणि सगुणा सांगायची की त्याने त्या दिवशी आमटी दोनदा मागून घेतली.

एवढ्याने सगळं सरळ झालं असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी आत्मारामने पहिलं काम कुठलं केलं, तर तिन्ही भोकं नवा माल बांधून बुजवली. गोदाने त्याच्या माघारी एक भोक पुन्हा मोकळं केलं. त्याने ते पुन्हा बांधलं.

"दात पडल्यासारखं दिसतंय गो ता."

"दिसू दे. कुणीतरी नेलंय असं दिसायला पायजे. मग दुसऱ्याला हात घालावासा वाटतो."

सकाळी त्याने बांधायचं आणि तिने सोडायचं, असं काही दिवस चाललं. मग तो कंटाळला, किंवा त्याला पटलं. वरचे आंब्याचे टाळ तिने आपणहून काढून टाकले, म्हणजे कुणी वहाणा काढणार नाही. मोटारीतला माणूस बसून बघतो म्हणून विकायचं सगळं त्याच्या डोळ्याच्या पातळीला आणलं. कोकमाचं आगळ डब्यात होतं ते काचेच्या बाटल्यांत भरून खालच्या कामटीवर ओळीने ठेवलं. उन्हं कलली की ऊन तिरपं येऊन त्या बाटल्यांतून जाई आणि पडवीच्या जमिनीवर तांबडे चट्टे पडत. लोक बाटलीसाठी खाली उतरायला लागले. ड्रायव्हर भोंगा वाजवायला जरा उशीर करू लागला, कारण तोही विड्या घ्यायला उतरायचा. जनी परत आली. मंडपीवरची ढेप बोटाने दाखवून म्हणाली, "हीच दे. आता मोडलेलीच हाय तुझी आरास."

पण गोदा सकाळी मंडपीच्या मागेच बसे. भवानी व्हायची, मग ती पुढे यायची. त्या दिवसाबद्दल आत्माराम पुन्हा बोलला नाही. मुंबईचंही बोलला नाही. जाणार नाही असंही म्हणाला नाही. दुकान चालायला लागलं होतं, पण किती दिवस चालेल, आणि गिरणीचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला, हा हिशेब त्याच्या कपाळावर दिसायचा. गोदा रोज त्याच्या कपाळाकडे बघे आणि तिला काही वाचता येत नसे.

शिमगा आला. पालखी घरोघर नाचून गेली. बाळा मुंबईहून आला होता, तो परतीच्या आदल्या दिवशी लांज्याहून पालीला आला. सकाळच्या मोटारीने दोघांनी रत्नागिरीच्या बंदरावर जायचं आणि आगबोट धरायची. सगुणेने ट्रंक भरली. गोदानेही आपली दोन लुगडी धडप्यात बांधून ठेवली. जयगडला कधी निघायचं ते कुणी सांगेपर्यंत थांबण्यापेक्षा गाठोडं तयार असलेलं बरं, असं तिला वाटलं. गाठोडं बांधताना तिचे डोळे भरून आले, ते तिने त्याच धडप्याला पुसले.

सकाळी आत्मारामने फळ्या काढल्या. रोजच्यासारख्या, एकेक करून, भिंतीला टेकवून. बाळा कपडे करून पडवीत उभा होता.

"भावोजी, आज कशाला उघडलंत? मोटार येईल आत्ता."

आत्मारामने फडकं घेतलं आणि तराजू पुसायला सुरुवात केली. मंडपीच्या मागे गोदा बसली होती. दादू गुरव फुलं घेऊन रस्त्याने चालला होता तो थांबला. लांबून मोटारीचा आवाज येऊ लागला.

"ट्रंक बाहेर काढू?" बाळाने विचारलं.

"थांब. भवानी व्हायचीय."

"भवानी होऊन काय करायची आज?"

मोटार येऊन उभी राहिली. मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांनी खच्चून भरलेली, टपावर ट्रंका आणि फणसांची पोती. ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन उतरला. चाकरमानी मंडपीकडे बघत होते, गावाकडचं काहीतरी मुंबईला न्यायचं राहिलं असेल तशा नजरेने. एकाने बाटल्यांकडे बोट केलं. "ओ शेट, आगळ काय हो ते?"

आत्मारामने फडकं खाली ठेवलं. बाटली त्याच्या हाताशी होती, त्याने ती उचलली नाही. तो मंडपीकडे वळला, आणि गोदाने सवयीने कान दिला, खाकरणं ऐकायला.

"गोदे," तो म्हणाला, दादूला आणि सगळ्या मोटारीला ऐकू जाईल अशा आवाजात, "भवानी व्हायची हाय. ये बाहेर."

बाळाने सगुणेकडे बघितलं. सगुणेने ट्रंक उचलली आणि आत नेली.

गोदा मंडपीच्या मागून उठली आणि पुढे येऊन भावाच्या शेजारी बसली. सकाळच्या उन्हात तिथून रस्ता पार वळणापर्यंत दिसत होता.